पाकिटावर हेल्पलाइन नंबर छापायचाय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

मसाले-पापड करणारे बचत गट, केमिस्ट, बेकरीवाले, टिकल्या-पिनांचे होलसेलवाले, तुर्भे-महापे एमआयडीसीतली छोटी युनिट्स, यांच्याकडून आम्हाला हेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकलंय. आम्ही म्हणजे ठाण्यातले काही पॅकेजिंग डिझायनर, वागळे इस्टेटमधला एक प्रेसवाला आणि समुपदेशन करणाऱ्या दोघी ताई. लैंगिक हिंसेबद्दलची माहिती वस्तूच्या वेष्टनावरून घरात पोचवायची, एवढंच काम. जमेल तिथे मदत करतो, जमत नाही तिथे सरळ नाही म्हणतो.

पाकिटावर कशाला? पोस्टर आहेत, रील्स आहेत, शाळेत कार्यक्रम होतात की.

होतात ना. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचारावरून बदलापूरला लोक रुळांवर उतरले त्यानंतर तर आपल्या जिल्ह्यात प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर हेल्पलाइनचे नंबर फिरत होते, शाळाशाळांत व्याख्यानं झाली, मग गणपती आले आणि ग्रुपवर परत पाण्याच्या टँकरची चर्चा सुरू झाली. पोस्टरचं असंच असतं. आणि पोस्टरसमोर थांबून नंबर लिहून घेणारी बाई सगळ्यांना दिसते. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सातला कोण थांबणार आहे?

पाकीट कसं, ते आपसूक घरात जातं आणि राहतं. पाच किलो पिठाची पिशवी महिनाभर ओट्याखाली असते. ते हातात घेऊन वाचणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही की काय वाचतेस. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही किंवा आहे पण घरातलं कोणीतरी रोज तपासतं, त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट नाहीये.

पण त्रास देणारा माणूसही तेच पाकीट बघणार ना?

हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात आणि खरं तर सगळ्यात आधी हाच विचारायला पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेलेत आणि त्यातल्या ९५ टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा होता, म्हणजे घरचा, नात्यातला, शेजारचा, मित्र, कामावरचा. मुलांचं पण तसंच, २००७ मध्ये केंद्राच्या महिला-बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत केलेल्या पाहणीत निम्मे अत्याचार करणारे मुलाच्या ओळखीचे किंवा मुलाचा ज्यांच्यावर विश्वास असतो असेच निघाले होते.

तर मग तुमचा मसाला ज्या घरात जातो त्या घरात ती पण आहे आणि तो पण. म्हणून दर्शनी बाजूला मोठ्या लाल अक्षरात "अत्याचार सहन करू नका" छापलंत तर काय होईल, ते पाकीट तो पहिला बघेल, फाडून डब्यात मसाला ओतायला सांगेल आणि वरून टोमणा मारेल. आमचं सगळं डिझाइन या एका गोष्टीवरून ठरतं. संदेश कुठे दिसतो, कधी दिसतो, तेव्हा शेजारी कोण असतं. रंग-बिंग नंतर.

हे आधी कोणी केलंय का?

केलंय, आणि त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

आपल्याकडे १९६८ मध्ये निरोध, म्हणजे सरकारी कंडोम, आलं ते आठवा, म्हणजे वाचलेलं आठवा. १५ पैशाला तीन. पण खरी हुशारी किमतीत नव्हती, ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लिव्हर, आयटीसी अशा कंपन्यांच्या चहा-साबण-सिगरेटच्या गाडीतूनच ते गावोगावच्या टपरीवर पोचवलं गेलं. लोक ज्या वस्तूसाठी दुकानात जातातच तिच्याबरोबर जायचं. सेम गोष्ट तंबाखूची, २००९ पासून पाकिटावर चित्र आलं, २०१६ पासून ते ८५ टक्के जागेवर आलं, पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचं पाऊल १ सप्टेंबर २०१८ चं, त्या दिवसापासून पाकिटावर तंबाखू सोडायला मदत करणारा फोन नंबर छापणं सक्तीचं झालं. नुसतं घाबरवणं आणि घाबरवून झाल्यावर कुठे जायचं ते सांगणं यात खूप फरक आहे.

अमेरिकेतल्या दुधाच्या खोक्यांचं उदाहरण सगळे देतात. १९८४ मध्ये आयोवा राज्यातल्या एका डेअरीने पेपर टाकायला जाणाऱ्या दोन बेपत्ता मुलांचे फोटो दुधाच्या कार्टनवर छापले, बघता बघता शेकडो डेअऱ्यांनी तेच केलं. ऐकायला भारी वाटतं. पण काही वर्षांत ते बंद पडत गेलं, कारण एक तर नाश्त्याला बसलेली लहान पोरं रोज ते चेहरे बघून घाबरायला लागली, आणि दुसरं, सगळ्या देशाच्या डोक्यात बसलं की मुलं पळवणारा म्हणजे गाडीतून आलेला अनोळखी माणूस. प्रत्यक्षात बेपत्ता मुलांतली बरीचशी घरातून स्वतः निघून गेलेली असायची किंवा विभक्त आईबापांपैकीच एकाने नेलेली असायची. म्हणजे खोक्याने माहिती दिली पण भीतीचं बोट चुकीच्या दिशेला दाखवलं. आमच्या मते सगळ्यात मोठा धडा हाच आहे.

आणि मग २०१९ चं अर्जेंटिनातलं तुलिपान कंपनीचं कंडोमचं खोकं. चार हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय उघडतच नाही, म्हणजे दोघांची संमती. जगभर फिरलं ते. कल्पना म्हणून झकास, कारण इथे संदेश छापलेला नाही, खोकं उघडण्यातच आहे. पण टीका पण झाली आणि ती आम्हाला पटते. सुरुवातीला हो म्हटलं म्हणजे शेवटपर्यंत हो असं नसतं, धाक दाखवून दोन हात लावून घेता येतात, ज्याला एकच हात आहे त्याने काय करायचं. आणि आपल्याकडे तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती, बायको १८ च्या वर असेल तर, भारतीय न्याय संहितेत अजूनही बलात्काराच्या व्याख्येतून अपवाद म्हणून बाहेर ठेवलीय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मात्र लैंगिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे, तिथे लग्नाच्या बाईला दाद मागता येते. हे कित्येक वकिलांच्या घरातल्या बायकांना पण माहीत नसतं.

कुठल्या वस्तूवर छापलेलं चांगलं?

ज्या वस्तू एकटीने उघडल्या जातात त्या. सॅनिटरी पॅडचं प्रत्येक सुट्टं वेष्टन, म्हणजे मोठं पाकीट नाही, आतलं. टिकलीचं कार्ड आणि सेफ्टी पिनांचं कार्ड, हे आमचं सगळ्यात आवडतं, पर्समध्ये महिनोन्‌महिने राहतं आणि घरातला कुठलाही पुरुष जन्मात ते वाचत नाही. जांभळी नाक्याच्या होलसेलमधून टिकल्यांची कार्डं कुठे कुठे जातात बघा, शहापूर-मुरबाडपर्यंत. केसांच्या रंगाच्या खोक्यातला कागद. डिलिव्हरीनंतर देतात ती औषधं. केमिस्टची ती छोटी खाकी पाकिटं, ज्यावर सकाळ-दुपार-रात्रीचे चौकोन असतात, ती तर फारच चांगली कारण मागची बाजू कोरीच असते आणि पाकीट घेणारा आधीच कुठल्यातरी दुखण्यासाठी आलेला असतो.

मुलांसाठी वेगळं. पेन्सिल-खोडरबरचं खोकं, कंपासपेटीतलं वेळापत्रकाचं कार्ड, वहीचं मागचं पान. आणि प्लीज फक्त मुलींच्या वस्तू धरू नका. त्या २००७ च्या पाहणीत लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा, त्यात १८ खालचं कुठलंही मूल येतं, मुलगा-मुलगी भेद नाही. पण गुलाबी खोक्यावर छापलं की मुलाला वाटतं हे आपल्यासाठी नाहीच.

वडापावचा कागद नको. दोन मिनिटांत चुरगाळून जातो आणि उभ्याने, चारचौघांत खाल्ला जातो. मिठाईच्या गिफ्ट बॉक्सचं वेगळं लिहिलंय खाली.

लिहायचं काय नेमकं?

कमी लिहा. एक वाक्य आणि एक नंबर. लोकांना जागा दिसली की निबंध लिहावासा वाटतो.

पहिला नियम, पीडित व्यक्तीला सूचना देऊ नका. "रात्री एकट्याने फिरू नका", "सावध राहा", "आवाज उठवा", "घाबरू नका, लढा", हे सगळं काढा. आवाज उठव म्हटलं की जिला जमलं नाही तिला वाटतं आपलंच चुकलं. आमच्याकडच्या ताई सांगतात की समोर बसलेली मुलगी पहिलं हेच विचारते, माझं काही चुकलं का? तर मग पाकिटावर तेच उत्तर द्या ना.

"चूक तुझी नाही. बोलावंसं वाटलं तर १०९८." हे मुलांसाठी चालतं. "कधीही, फुकट, नाव सांगितलं नाही तरी चालेल" असं खाली बारीक.

मोठ्यांच्या वस्तूवर मुलांबद्दल लिहायचं असेल तर पिठाच्या पिशवीवर आम्ही असं लिहिलं होतं, "मूल काही सांगत असेल तर हातातलं काम ठेवा आणि ऐका. आधी विश्वास, प्रश्न नंतर." हे सगळ्यांनी वाचलं तरी बिघडत नाही, उलट वाचावं. म्हणजे दोन प्रकारची वाक्यं झाली बघा, एक जे सगळ्या घराने वाचलेलं चालतं ते बाहेर, आणि एक जे एकाच व्यक्तीसाठी आहे ते आत, फ्लॅपखाली, वेष्टनाच्या घडीत.

केमिस्टच्या पाकिटावर थोडं जास्त लिहिता येतं आणि तिथे ते कामाचं असतं. जबरदस्ती झाली असेल तर एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी जितकी लवकर तितकी बरी. सरकारी असो की खासगी, कुठल्याही हॉस्पिटलने पीडितेला लगेच आणि मोफत प्रथमोपचार-उपचार द्यायचेच असतात, आधी एफआयआर आणा असं म्हणता येत नाही. ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय, पण पाकिटावर एकाच हॉस्पिटलचं नाव नको, "कुठलंही हॉस्पिटल" असंच लिहा. नाहीतर ऐरोलीची मुलगी वाशीला जायला रिक्षा शोधत बसेल.

पोलिसांचं पण एक वाक्य बसवता येतं: "कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार घेतात". झिरो एफआयआर. घडलं पनवेलला आणि तुम्ही राहता मुंब्र्याला तरी मुंब्र्यातच नोंदवता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

कुठले नंबर छापायचे?

मुलांसाठी १०९८. हा १९९६ मध्ये इथेच मुंबईत, टिसच्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या) एका प्रकल्पातून सुरू झाला, आता सरकार चालवतं आणि ११२ शी जोडलेला आहे. बायकांसाठी १८१. आत्ता या क्षणी धोका असेल तर ११२. मोफत वकील हवा असेल तर १५१००. चारही छापू नका! वस्तू कोणाच्या हातात जाणार त्यावरून एक, फार तर दोन निवडा. आणि स्वतःचा, ओळखीच्या ताईंचा, नगरसेवकाचा मोबाइल नंबर अजिबात नाही. पाकीट दोन वर्षं फिरतं, ताई सिम बदलतात.

प्रत्येक छपाईच्या आधी नंबर स्वतः लावून बघा. आम्ही प्रूफवर सही करायच्या आधी तिथेच प्रेसमध्ये उभं राहून लावतो, पलीकडच्याला सांगतो की फक्त खात्री करतोय, ठेवून देतो.

चित्र काय टाकू? डिझायनरने तोंडावर हात ठेवलेल्या मुलीचा फोटो दिलाय.

परत करा. तोंडावर हात, फाटकी बाहुली, कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घातलेली आकृती, काळानिळा डोळा, रक्ताचे थेंब, हे सगळं स्टॉक फोटोंच्या साइटवर पहिल्या पानावर मिळतं म्हणून सगळीकडे दिसतं. ज्याच्यावर बेतलंय त्याला ते बघून त्रासच होतो, आणि बाकीच्यांना वाटतं की हिंसा म्हणजे असंच दिसतं, मग मामाने अंगाशी केलेली लगट त्यांच्या लेखी हिंसाच नसते. शिवाय ते पाकीट सहा वर्षांचं पोर पण बघतंय.

चित्र नसलं तरी चालतं. हवंच असेल तर साधं काहीतरी, फोनचा रिसीव्हर, दोघी शेजारी बसल्यात. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर या सोळा दिवसांत जगभर महिलांवरच्या हिंसेविरोधात नारिंगी रंग वापरतात, तेव्हाच्या बॅचला नारिंगी पट्टी दिली तरी छान.

आमच्या भागात घडलेली खरी घटना छापली तर लोकांवर जास्त परिणाम होईल ना?

नको. परिणाम तिच्यावर होईल. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत कैद. मूल असेल तर पोक्सोचं कलम २३ वेगळं. आणि ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हे, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सांगितलंय की दुरून का होईना ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. "कोपरखैरणेच्या अमुक शाळेतली आठवीतली मुलगी" एवढं लिहिलं की झालं, अख्ख्या सेक्टरला कळतं कोण ते. नाव बदललंय वगैरे कंसात लिहून काही होत नाही.

मराठीत की हिंदीत?

माल कुठे जातो त्यावर. तुर्भे, घणसोली, भिवंडीकडे हिंदी हवीच, बाकी मराठी. दोन्ही टाकायला जागा नसेल तर वाक्य छोटं करा, अक्षर छोटं करू नका.

पाकिटावर असलं काही जास्तीचं छापायला कायद्याने परवानगी लागते का?

वेगळी परवानगी लागत नाही, पण जे छापणं सक्तीचं आहे ते झाकलं जाता कामा नये. वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या, २०११ च्या पॅकेज नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना-वर्ष, एमआरपी, ग्राहक तक्रारीचा नंबर, हे सगळं नीट वाचता आलं पाहिजे. त्याच्यावर स्टिकर येऊ देऊ नका. खायच्या वस्तूला एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी लायसन नंबर, शाकाहारी-मांसाहारीचं चिन्ह, घटक पदार्थ, हे पण. सरकारी लोगो, पोलिसांचा लोगो स्वतःहून लावायचा नाही, नुसता नंबर पुरे.

आणखी एक, खाद्यपदार्थाला शाई लागता कामा नये. आतल्या बाजूला छापायची आयडिया आम्हालाही फार आवडते पण ती फक्त तिथेच जिथे खोक्याच्या आत वेगळी पिशवी आहे. लाडूच्या खोक्याला आतून नाही म्हणजे नाही. शाई आयएस १५४९५ प्रमाणे, म्हणजे खाद्यपदार्थांच्या पॅकिंगच्या शाईसाठीच्या भारतीय मानकाप्रमाणे आहे का ते प्रेसवाल्याला विचारा, चांगला प्रेसवाला असेल तर त्याला आकडा ऐकूनच कळेल.

खर्च किती वाढतो?

बऱ्याचदा जवळजवळ काहीच नाही, फक्त टायमिंग साधावं लागतं. ऑफसेटवर डुप्लेक्स बोर्डचं खोकं असेल तर मजकूर काळ्या रंगातच ठेवा, म्हणजे चारातली एकच प्लेट बदलते. लॅमिनेटेड पाउच असेल आणि छपाईचे सिलिंडर कोरलेले असतील तर मात्र नवा सिलिंडर महाग पडतो, तेव्हा पुढचं डिझाइन बदलेल तोपर्यंत थांबा, किंवा ज्या मशीनने तारीख आणि एमआरपी मारता त्याच कोडरला एक ओळ जास्त द्या, "मुलांसाठी मदत १०९८". हे युनिटमध्ये बसलेल्या मुलाला पण करता येतं आणि शाईचा खर्च सोडला तर फुकट.

बचत गटांना आम्ही रबरी शिक्का करा म्हणतो. कागदी पिशवीच्या तळाला किंवा आतल्या घडीवर शिक्का मारायचा. कमी समजू नका शिक्क्याला, २०१३ च्या कुंभमेळ्यात लाइफबॉयवाल्यांनी गरम पोळ्यांवर शाईशिवाय नुसत्या उष्णतेचा शिक्का मारून हात धुतले का विचारलं होतं आणि त्याची चर्चा अजून होते.

अक्षराबद्दल एक विनंती. खाकी कागदावर गडद पट्टी छापून त्यात अक्षर कोरं सोडू नका, देवनागरीचे रफार आणि अनुस्वार शाईने भरून जातात. जाड वळणाचा फॉन्ट घ्या, आकडे मजकुरापेक्षा मोठे, आणि घडीवर, पंचिंगच्या रेषेवर किंवा गोंद लागतो त्या पट्टीवर नंबर येतोय का ते डमी दुमडून बघा. स्क्रीनवर सगळं छानच दिसतं.

क्यूआर कोड टाकू का? त्यात जास्त माहिती मावेल.

बाहेरच्या, सगळ्यांसाठीच्या मजकुराला टाका. आतल्या, तिच्यासाठीच्या मजकुराला नको. स्कॅन केलं की फोनच्या हिस्टरीत राहतं. साधा तीन-चार आकडी नंबर मात्र पाकीट फेकून दिलं तरी डोक्यात राहतो, आणि शेजारणीच्या फोनवरून लावता येतो.

समजा एखादीने हेल्पलाइनऐवजी आमच्याच कस्टमर केअरला फोन केला तर?

होणार. गृहीत धरा. पाकिटावर दोन नंबर आहेत म्हटल्यावर कोणीतरी चुकून मसाल्याच्या तक्रारीच्या नंबरला फोन करणार, आणि काही जणी मुद्दाम करतील, कारण सरकारी नंबरपेक्षा पापडवाल्या काकू जवळच्या वाटतात. म्हणून आधी तर दोन नंबर एकाच बाजूला ठेवू नका. आणि फोन कोण उचलतं? बऱ्याच युनिटमध्ये तो मालकांच्या भाच्याच्या खिशात असतो, जो त्याच वेळी टेम्पोवाल्याशी पण बोलत असतो.

त्याला अर्धा तास बसवून तीन गोष्टी सांगा. मध्ये तोडायचं नाही आणि "नक्की का?", "तुम्ही तिथे कशाला गेलात?" असं काही विचारायचं नाही. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, मी तुम्हाला नंबर देतो, हवं तर फोनवर थांबतो" एवढंच म्हणायचं. आणि ते कोणाला सांगायचं नाही, चहाच्या टपरीवर तर मुळीच नाही.

फक्त एक अपवाद, आणि तो गंभीर आहे. बोलण्यात १८ खालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होतोय किंवा झालाय असं कळलं तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकाचं कर्तव्य आहे, भाच्याचं पण. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हे फोन करणाऱ्या मुलाला फसवून करायचं नाही, "मला हे मदत करणाऱ्या लोकांना सांगावं लागेल" असं सांगूनच करायचं. हे सगळं झेपणार नसेल तर आत्ता छापू नका. खरंच. आधी फोन उचलणारा तयार करा.

आमच्याकडे पॅकिंगला वीसेक बायका आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करता येईल का?

त्यांच्यापासूनच करायची. पाकिटावरचा मजकूर गिऱ्हाईकाच्या आधी पॅकिंग टेबलवरच्या बायका वाचतात, दिवसातून शेकडो वेळा. आणि त्यांना युनिटमध्येच सुपरवायझरचा त्रास होत असेल तर ते वाक्य वाचून त्यांना काय वाटेल?

१९९७ मध्ये कामावरच्या लैंगिक छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला, २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती बंधनकारक, नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. कंत्राटी, रोजंदारी, ट्रेनी सगळ्या त्यात येतात, "त्या ठेकेदाराच्या आहेत" हे चालत नाही. दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, कारण असेल तर मुदत वाढते. आमच्याकडे कोणी डिझाइन मागायला आलं की आम्ही आधी समितीच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलीत का विचारतो. काही शेठ इथेच उठून जातात. जाऊ देत.

गिऱ्हाईक नाराज झालं तर? सणासुदीला असलं कशाला म्हणाले एक जण.

दिवाळीच्या फराळाच्या बॉक्सवर आम्हीही नको म्हणतो, पण कारण वेगळं. तो बॉक्स पाहुण्यांसमोर, सगळ्या खानदानासमोर उघडतो. त्यात ज्याची भीती तो काका पण बसलेला असू शकतो. भाऊबीजेला तर असतोच. त्या वेळी सगळ्यांच्या नजरा चुकवत कोणी नंबर वाचणार नाही, उलट विषयावर विनोद होतील आणि तिला कळेल की या घरात बोलून उपयोग नाही.

बाकी रोजच्या वस्तूंवर नाराजी फार येत नाही. गोखले रोडवरच्या एका दुकानदाराने पिशव्या उलट्या लावून ठेवल्या होत्या, मजकूर भिंतीकडे. त्याच्या बायकोने परत सुलट्या केल्या.

प्रत्येक पाकिटामागे एक रुपया संस्थेला, असं लिहू का?

देणार असाल तर द्या, पावती ठेवा. पण पुढच्या बाजूला त्याची जाहिरात नको वाटते. कोणाच्या दुखण्यावर पाकीट जास्त खपतंय असं दिसायला लागलं की नंबरवरचा विश्वास पण जातो. पैसे खर्चच करायचे असतील तर फोन उचलणाऱ्या मुलाच्या ट्रेनिंगवर करा.

उपयोग होतोय हे कळणार कसं?

नीटसं नाही कळणार. हेल्पलाइनवाले फोन करणाऱ्याला नंबर कुठे मिळाला विचारत बसत नाहीत, बसूही नये. "किती जणींनी फोन केला" असा आकडा आमच्याकडे मागू नका, मोठ्या कंपन्यांचे मार्केटिंगवाले हमखास मागतात. आम्ही एवढंच बघतो: छापल्यावर काही महिन्यांनी त्या वस्तीतल्या बायकांना, शाळेतल्या मुलांना सहज विचारायचं, मुलांना मदतीचा नंबर कुठला? पाकीट न बघता उत्तर आलं तर छपाई वसूल.

नंबर बदलला किंवा छपाईत चुकला, तर उरलेल्या मालाचं काय?

एक आकडा जरी चुकला असेल तरी तो माल बाजारात जाऊ द्यायचा नाही. रात्री कोणीतरी धीर करून फोन लावणार आणि तो तिसऱ्याच माणसाला लागणार, हे परवडणारं नाही. न वापरलेली खोकी असतील तर नंबरवर बरोबर नंबराचा स्टिकर लावा, मात्र एमआरपी, वजन, तारीख उघडी राहिली पाहिजे. भरलेला माल असेल तर डिस्ट्रिब्युटरकडून परत मागवून तेच करा. टिकलीच्या कार्डांना स्टिकर बसत नाही, ती रद्दीत. रद्दीत देताना पण आधी फाडा, कारण रद्दीवाल्याकडून ती कार्डं पुन्हा कुठल्यातरी पुडीला लागतात.